नेढं दिसेना

मला माझ्या सासूने सुईत दोरा ओवायला लावून पसंत केलं होतं. ही गोष्ट मी लग्नानंतर इतक्या जणींना इतक्या तोऱ्यात सांगितली, की पुढे जे झालं ती माझ्या तोंडाचीच शिक्षा होती असं कधी कधी वाटतं.

बघण्याचा कार्यक्रम माझ्या माहेरी, आणे गावातल्या आमच्या घरी झाला. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण विचारून झालं. मुलगी शिवणकाम शिकली आहे, गावातल्या बायकांचे ब्लाउज तीच शिवते, हे माझ्या आईने दोनदा सांगितलं. मग मुलाची आई, शिनोलीहून आलेल्या त्या उंच, काटक बाई, पिशवीत हात घालून काहीतरी चाचपडायला लागल्या. मला वाटलं पान खायचं असेल. त्यांनी सुई काढली, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हे जरा ओवून दाव पोरी."

मुलगी आंधळी-चकणी नाही ना, हे बघायची ही जुनी रीत. आमच्या आजीच्या वेळी होती असं ऐकून होते. आता कोणी असं करत नाही, म्हणून खोलीतले पुरुष हसले. मला मात्र राग आला. राग आला की माझे हात भराभर चालतात. दोऱ्याचं टोक ओलंसुद्धा न करता मी एका दमात नेढ्यातून आरपार घातलं आणि सुई त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली, डोळे बारीक करून पाहिली आणि मान हलवली. "डोळं झ्याक हायेत," म्हणाल्या. आठ दिवसांनी होकार आला.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर मला दिवस गेले. घरात आम्ही तिघंच. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झालेली. नवरा पारगावकडे साखर कारखान्यात कामाला, ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की त्याच्या पाळ्या सुरू, मग तो घरी येऊन फक्त झोपायचा. उरलो मी आणि आत्या. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्यांची खाचरातल्या भाताची कामं उरकली होती, मागे हरभरा टाकला होता, त्या सकाळीच तिकडे जायच्या. पडवीत माझं पायमशीन होतं, लग्नसराई तोंडावर आली होती आणि कापडाच्या पिशव्यांचा ढीग लागला होता.

पाचवा सरला आणि नेढं दिसेनासं झालं.

एकदम नाही. आधी काळा दोरा काळ्या कापडावर सापडेना. मला वाटलं, ढगाळ आहे. मग मशीनच्या सुईत ओवताना दोरा नेढ्याच्या अलीकडून जायला लागला, पलीकडून जायला लागला, नेढ्यातून तेवढा जाईना. लांबचं चांगलं दिसायचं. समोरच्या डोंगरावर कोणाची जनावरं आहेत हे मी पडवीत बसून सांगायचे. पण हातात घेतलेली वस्तू धुरकट व्हायची, आणि टक लावून पाहिलं की कपाळ ठणकायचं.

हे कोणाला सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही. सांगणार काय? जिला सुई ओवून घेऊन आणली, तिला सुई ओवता येत नाही? आमच्याकडे लोक काय बोलतात ते मला ठाऊक होतं. फसवून दिली म्हणाले असते, माझ्या आईचं नाव निघालं असतं. आत्या तसं बोलल्या असत्या की नाही, याचा विचारही मी केला नाही. त्या मितभाषी. त्यांच्या गप्प बसण्याचे अर्थ मी माझ्या सोयीने लावायचे आणि ते नेहमी वाईटच असायचे.

मग सुरू झाली लपवालपवी. रंग बदलताना नवा दोरा जुन्याला गाठ मारून ओढायचा. गाठ नेमकी नेढ्याशी अडायची. हाताने तुरपाई करायच्या सुया जमतील तशा, पन्नास वेळा चुकून, सकाळी उन्हात बसून ओवायच्या आणि उशीच्या कोपऱ्यात टोचून ठेवायच्या. शेवटी एक दिवस अस्तर आणि हुक आणायला म्हणून मंचरला गेले आणि चष्मा करून आले. दुकानदाराने वाचायचा लहान नंबर दिला. माझं पोट शालीखाली होतं, त्याने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. चष्म्याने लख्ख दिसलं आणि मला रडूच आलं. तो मी बॉबिनच्या डब्यात ठेवला. आत्या शेतावर गेल्या की काढायचा, पायरीवर त्यांच्या वहाणा वाजल्या की डब्यात.

जेमतेम महिनाभर तो चष्मा चालला. मग त्यातूनही धूसर दिसायला लागलं. नंबर नाही, डोळेच जात आहेत असं वाटायला लागलं. डोळे गेले की मशीन गेलं, ते एक. त्याहून मोठी भीती मी मनातसुद्धा पुरती उच्चारत नव्हते, की पोर जन्मेल आणि मला तिचं किंवा त्याचं तोंड नीट दिसणार नाही.

त्याच दिवसांत शेजारच्या वाडीतल्या एका नवरीचा ब्लाउज बिघडला. जरीच्या कापडाचा. एक बाही उलटी जोडली होती, कापडाची मागची बाजू वर. नवरीची आई परत घेऊन आली. चांगली बाई, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "अगं, तुझ्या हातून असं व्हत न्हाई कधी." गंमत म्हणजे तो ब्लाउज द्यायच्या आधी मी आत्यांना दाखवला होता. तयार झालेलं प्रत्येक काम त्या हातात घेऊन उलटंपालटं करून बघायच्या. तोही बघितला होता आणि "झ्याक झालाय" म्हणाल्या होत्या. मला वाटलं, त्यांना बाही दिसली असणार, माझी लाज राखायला बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा पहिल्यांदाच मी चांगला अर्थ लावला, आणि तोही चुकीचा निघाला.

तशीच तांदळाची गोष्ट. नवरा सुट्टीच्या दिवशी जेवायला बसला आणि दाताखाली खडा आला. मग दुसरा आला. "तांदूळ निवडला होता का नाय?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "निवडलाय." आत्या म्हणाल्या, "मीबी वरनं हात फिरवलाय." त्याने तिसरा खडा ताटाच्या कडेला ठेवला आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आम्ही दोघी आमटीकडे बघत होतो.

आमच्या वाडीची आशाताई दर महिन्याला यायची. वही उघडून ठरलेले प्रश्न विचारायची. गोळ्या घेते का, पायाला सूज आहे का, डोकं दुखतं का, डोळ्यांनी धूसर दिसतं का. आत्या तिथेच लसूण सोलत बसलेल्या असायच्या. सहाव्यात मी म्हणाले, "नाही." सातव्यात म्हणाले, "छे, मला काय धाड भरलीय." ती हसली आणि तिने वहीत तसं लिहिलं. तो प्रश्न वहीत का असतो, हे मी विचारलं नाही. वाटायचं, सरकारी कागद आहे, काहीही विचारतात.

आठव्यात ती आली त्या दिवशी सकाळी मी मशीनवरून उठले आणि डोळ्यांपुढे बारीक ठिणग्या उडाल्या. दोन-तीन क्षण. भिंतीला धरून उभी राहिले, मग गेल्या. तासाभराने ताई वही उघडून बसली. सूज? थोडी. डोकं? कधी कधी. डोळ्यांनी...

"ताई," मी म्हणाले, "हे विचारता कशासाठी?"

तिने पेन खाली ठेवलं. "बीपी वाढलं ना, की आधी डोळ्यांवर येतं. कुणा-कुणाला फिट येती. आईलाबी धोका अन बाळालाबी. म्हणून तर दर वेळी विचारते."

घरात लसूण सोलल्याचा आवाज थांबला होता. मी आत्यांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुन्हा खोटं बोलले असते, इतकी मी स्वतःला ओळखते.

"मला दिसत नाय ताई," मी म्हणाले. "तीन महिने झाले. जवळचं काहीच दिसत नाय. आज ठिणग्याबी दिसल्या."

हे म्हणताना मी आण्याच्या घरी असल्यासारखी बोलले, शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. आत्या उठल्या. मला वाटलं आत जातील. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, दाराला कडी घातली आणि ताईला म्हणाल्या, "जीप मिळंल का आत्ता?"

घोडेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आत्यांनी माझा हात सोडला नाही. इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या. बीपी घेतलं तर काठावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाव्या कुशीवर पडा, लघवी तपासायला द्या, तासाभराने परत बघू. घाबरत घाबरत आलं तरी वाढतं."

पलंगाच्या बाजूला एक बाकडं होतं. त्यावर आत्या बसल्या. मी कुशीवर पडून त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होते. सगळं एकदा बोलून टाकावं म्हणून मी म्हणाले, "आत्या, मी तुम्हाला फसवलं नाही. तेव्हा मला दिसत होतं. तुम्ही सुई ओवायला लावलीत ना, तेव्हा खरंच दिसत होतं."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"तुला दिसत व्हतं गं," त्या म्हणाल्या. "मला न्हवतं."

मी मान वर केली.

"आदी पडून ऱ्हा. त्या दिशी निघताना पिशवीचा बंद उसवला. सुई-दोरा घेतला, पर मला काय ओवता येईना. चार वर्सं झाली व्हती तवाच, जवळचं दिसायचं बंद झाल्याला. कुनाला सांगायचं? म्हातारी झाली म्हणत्यात, मग घरात कुनी इचारत न्हाई. म्हणलं, तिथं पोरगी हाय, तिच्याकडनं ओवून घेऊ. रीतबी हुईल अन बंदबी शिवून हुईल."

"आणि खिडकीकडे धरून काय बघितलंत?"

"काय बघनार? दोरा खाली लोंबत व्हता, म्हंजी ओवला असनार."

मला हसू आलं. आधी पोटातल्या पोटात, मग आवरेना. आठव्या महिन्यातलं पोट हलायला लागलं, पलंग करकरायला लागला. आत्याही पदर तोंडात धरून हसत होत्या. उलटी बाही, ते तांदळातले खडे, सगळं एका वेळी आठवत होतं. एकमेकींच्या भरवशावर आम्ही दोन आंधळ्या घर चालवत होतो. नर्स आत आली. "हसू नका, बीपी घ्यायचंय," म्हणाली. मग आम्हाला आणखीच हसू आलं आणि तिला दहा मिनिटं थांबावं लागलं.

बीपी उतरलं होतं. लघवीही ठीक निघाली, साखरही. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर बॅटरी धरून पाहिलं आणि माझ्या पायांकडे बोट केलं. "जोडवी काढून ठेवलीत ना?" मी म्हणाले, घट्ट झाली होती. "अंगात पाणी धरतं म्हणून. डोळ्याच्या वरच्या काचेतही धरतं. जवळचं बघायची ताकदही कमी होते काही जणींची. बाळंतपणानंतर हळूहळू पूर्ववत होतं. तोवर नवा चष्मा करायचा नाही, नंबर टिकत नाही."

"केलाय," मी म्हणाले.

"किती दिवस चालला?"

"महिनाभर."

त्या हसल्या, पण लगेच बोट वर केलं. "ठिणग्या परत दिसल्या, डोकं गच्च झालं, एकदम अंधारी आली, तर हातातलं काम टाकून इथे यायचं. लपवायचं नाही. आणि दर आठवड्याला बीपी." मग त्यांनी विचारलं, "बाळंतपण कुठे? माहेरी?"

पहिलं बाळंतपण माहेरीच, यात आमच्याकडे विचारायचं काय असतं? पुढच्याच आठवड्यात आई मला न्यायला येणार होती. पण आमचं आणे पठारावर, तिथून दवाखाना गाठायचा म्हणजे पठार उतरा. मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "न्हाई. हितंच हुईल. पोरगी जायची न्हाई, तिची आई यील." घरी आल्यावर त्यांनी स्वतः माझ्या आईला फोन केला. लोक नावं ठेवतील, असं आई पलीकडून म्हणाली असावी, कारण आत्या म्हणाल्या, "ठिवू द्या की. माझ्याकडं धाडा नाव ठिवनाऱ्यांना."

आई बाजरीचं पोतं आणि डिंकाचा डबा घेऊन आली ती दोन-अडीच महिने राहिली. ठिणग्या पुन्हा दिसल्या नाहीत. कोणी बोलायच्या आतच मी रोज सकाळी सांगायचे, आज असं दिसतंय, आज तसं. इतकं सांगायचे की आत्या वैतागायच्या.

मुलगी झाली. नर्सने ती हातभर अंतरावर धरली तेव्हा मला दिसली, लालबुंद, मुठी आवळलेली. मग तिने ती माझ्या छातीशी दिली आणि ती धुरकट झाली. पुढचे कितीतरी दिवस असंच. आईच्या मांडीवर असली की मला छान दिसायची. दुधाला घेतली की सगळ्यात जवळ, आणि सगळ्यात कमी दिसायची. मी बोटांनी तिचं नाक, कपाळ, हनुवटी चाचपून बघायचे. आई म्हणायची, धीर धर. माझा स्वभाव धीराचा नाही, पण दुसरा इलाज नव्हता.

सव्वा महिना होऊन गेला. आई आण्याला परतली. एक दुपार होती, आत्या पडवीत शेंगा फोडत होत्या. मी मुलीला पाजत होते आणि सहज खाली पाहिलं, तर तिच्या पापण्या दिसल्या. एक एक केस, वेगळा. दोन्ही डोळ्यांच्या. मी श्वास धरून बघत राहिले, हललं तर जाईल असं वाटलं. मग डाव्या कानाच्या पाळीवर एक तीळ दिसला, खसखशीएवढा. माझ्याच पोटची पोर, आणि तिच्या कानावर तीळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी रडले. ती पीत होती, तिला काही फरक पडला नाही.

ती झोपल्यावर मशीनपाशी गेले. काळा दोरा घेतला, मुद्दाम काळाच. पहिल्या झटक्यात नाही, दुसऱ्या झटक्यात गेला.

आत्यांना ओढत आत आणलं. "हा बघा तीळ, कानावर."

त्या वाकल्या, बारीक डोळे केले आणि म्हणाल्या, "व्हय की. झ्याक हाय." त्या उजव्या कानाकडे बघत होत्या.

मी बॉबिनच्या डब्यातून चष्मा काढला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. थोडं उजळलं, पण पुरेना. "म्हातारीला कशाला चष्मा," त्या पुटपुटल्या. मी म्हणाले, "आत्या, दवाखान्यात काय ठरलंय? लपवायचं नाही." दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन आम्ही तिघी मंचरला गेलो. डोळे तपासले, त्याच फ्रेममध्ये त्यांच्या नंबराच्या काचा बसवून घेतल्या. गाडीत त्यांनी तो घातला नाही, पिशवीत ठेवला. त्याच पिशवीत, जिचा बंद मी ओवलेल्या दोऱ्याने शिवला होता.

घरी आल्यावर हातपाय धुतले, पडवीत बसल्या आणि मुलीला मांडीवर मागितलं. चष्मा लावला. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. कान बघितला, डावा. हाताची नखं बघितली. पायाची बोटं मोजली, जशी ती आजच जन्मली होती. मी शेजारी बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"थांब, तुलाबी बघू दे," त्या म्हणाल्या. "लांबनंच बघितल्याली."

मला कोणी असं बघत बसलेलं आवडत नाही, पण मी हलले नाही. त्यांनी अंगठा माझ्या भुवईवरून फिरवला.

"हे काय गं? खूण कसली?"

"लहानपणी पत्रा लागला होता. चार टाके पडलेत."

"बघाय आलो तवा सांगितलं न्हाईस ते?"

"तुम्ही विचारलंत कुठे," मी म्हणाले. "सुई ओवायला लावलीत."